झाकण

केर काढताना केरसुणी फ्रीजखाली अडली.
निघाला आमचा शेंदऱ्या,
सुकटीसारखा वाळलेला,
शेपटीला शर्वाणीच्या केसांचा गुंता.
टाकीपासून फ्रीजपर्यंत सात फरश्या.
सात फरश्या तो कसा आला असेल
हे मी मोजलं.
मोजायला नको होतं.

सांगलीहून समुद्र म्हणजे
आंबा घाट, मग वळणं, मग उलटीची पिशवी.
घरात तो नव्वद लिटर आहे.
मीठ बादलीत येतं कुरियरनं,
आणि खारटपणा मी बघते तसल्याच नळीतून
जिच्यातून मिरजेच्या लॅबमध्ये दिवसभर
लोकांच्या लघवीचं विशिष्ट गुरुत्व बघते.
(तीच नळी नव्हे. शर्वाणी शाळेत सांगत सुटली होती.)

पोरवालांकडे काच पाहिली.
पाच मिलिमीटर, कडा घासून.
‘कशावर, टीपॉयवर?’
काच छान दिसली असती.
पण काचेखाली पाणी आपलाच श्वास परत पितं,
एप्रिलात टाकी एकतीसवर जाते
आणि प्रवाळ पांढरं पडत येतं, खडूसारखं,
आधी टोकांकडून.
शिवाय वर थेंब धरतात, थेंबांचं मीठ होतं,
मिठातून उजेड निम्माच उतरतो.
अ‍ॅक्रिलिकचं विचारलं, तर त्यांनीच सांगितलं,
वाफेवर पापडासारखं वाकतं, नेऊ नका.
गिऱ्हाईक घालवणारा दुकानदार.

श्रीरंग म्हणाला, पंचा टाक.
मग म्हणाला, ज्याला जायचंय तो जाणारच.
माशाबद्दलच म्हणाला.
माझा चहा तेवढ्यात उतू गेला.

शेवटी इलाही मुलाणी आले,
गावभागात घरोघरी मच्छरजाळ्या बसवणारे,
कानावर पेन्सिल.
माप लिहायला कागद नव्हता,
भिंतीवरच लिहिलं,
पुराच्या रेघेच्या वितभर वर.
‘आतनं बसवायची का भाईरनं?’
म्हणजे?
‘डास कुठल्या बाजूला हाईत?’
डास नाहीत, म्हटलं. आतलं बाहेर जाऊ नये म्हणून.
टेप हातातच राहिली त्यांच्या.
‘तीस वर्षं झाली. आतल्यासाठी पयलीच.’

मग वाकून बराच वेळ बघत बसले.
दगडाआडून एक गोबी त्यांना बघत होती.
‘ताई, दिवा हाय, खाणं हाय, तरी उड्या का मारत्यात?’
मी सांगितलं जे मला ठाऊक होतं.
दिवा एकदम गेला की दचकतात.
मोठा पाठीस लागला की.
आणि समुद्रात उडी मारली
तर माणूस काय, मासा काय,
समुद्रातच पडतो.
यांना वाटतं, अजून तसंच आहे.

मुलाणी काही बोलले नाहीत.
पेन्सिल परत कानावर ठेवली.

स्टीलची जाळी नको, गंजते.
तांब्याची तर विषच.
काळी नको, सावली पाडते.
पारदर्शक नायलॉन मिळाली, पाव इंची घरांची,
ॲल्युमिनियमच्या चौकटीत तबल्यासारखी ताणलेली,
आणि कोपऱ्यात खाणं टाकायला खिडकी,
माझं मनगट जाईल एवढी.
मुलाणींनी पैसे घेतले चौकटीचे.
जाळीचे घेतले नाहीत, का ते सांगितलं नाही.

त्या रात्री पावणेबाराला निळा दिवा विझला.
पंपाची घरघर. रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होईना.
मग टप्.
जाळी थरथरली,
आणि लगेच पाण्याचा आवाज, लहानसा.
काय गं, श्रीरंग झोपेतून.
काही नाही, म्हटलं. पडला परत समुद्रात.

सकाळी मोजले. सगळे होते.
तरी केरसुणी मी फ्रीजखाली घातलीच,
अगदी भिंतीपर्यंत.